जुन्या तालयंत्रांची डागडुजी आणि सुधारणा

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा, वक्त्यांनी पुन्हा तपासून दिलेला मजकूर.)



आजच्या या संमेलनात चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर ज्ञातीचा इतिहास, स्त्रीशिक्षण, विद्यार्थी साहाय्यक निधी अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली आहेत. त्या मानाने माझा विषय अगदीच आगळा. चिटणीसांनी मला विचारले, “तुम्ही नक्की करता तरी काय, ते एकदा सर्वांना सांगून टाका ना!” तेव्हा मी थोडा संकोचलोच. सुवर्णकाराच्या घरात जन्म घेऊन, वडिलांच्या पेढीवर बसावयाचे सोडून, मी पस्तीसएक वर्षे विजेची जुनी वाद्ये दुरुस्त करण्यात घालविली. आणि त्यांतही विशेषेकरून जुनी तालयंत्रे. नातेवाईकांपैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, मी रेडिओ दुरुस्त करतो. ती समजूत मी आजवर खोडून काढली नाही, कारण तीच सोयीची होती!

तथापि आज बोलावयाचे ठरविले त्याचे कारण असे की, या धंद्यात मला जे काही बरेवाईट शिकावयास मिळाले, त्याचे मूळ मी आपल्याच घरच्या ऐरणीपाशी पाहतो. आपल्या पूर्वजांनी ज्या गोष्टी न लिहिता पाळल्या, त्या मी एकदा विसरलो, आणि त्या विसरण्याची किंमत एका गरीब वादकाला मोजावी लागली. ती हकीकत सांगावी आणि तिच्यावरून तरुण मंडळींनी काही बोध घ्यावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम तालयंत्र म्हणजे काय ते सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गाण्याचा रियाज चालतो, त्यांना विजेचा तबला परिचित आहे. कळ दाबावी, त्रिताल किंवा दादरा निवडावा, लय ठरवावी, की यंत्र ठेका धरते. पाश्चात्त्य संगीतातील ड्रम, झांजा व टाळी यांचा ठेका धरणारे असेच यंत्र म्हणजे तालयंत्र, ज्याला आज सगळे ‘ड्रम मशीन’ म्हणतात. १९५९ साली अमेरिकेत वुर्लिट्झर या वाद्ये बनविणाऱ्या कंपनीने ‘साइड मॅन’ नावाचे असे यंत्र विकावयास आणले. कपाटाएवढ्या त्या पेटीत एक तबकडी फिरत असे, तबकडीवरील संपर्कबिंदूंना स्पर्श झाला की वीज वाहे आणि दिव्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, मंडलांतून ढोलाचे किंवा झांजेचे ध्वनी निघत. हे यंत्र येताच तेथील वादकांच्या संघटनेने हरकत घेतली. यंत्राने आमच्या पोटावर पाय येईल, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रश्न आपण लक्षात ठेवू. त्याकडे मला शेवटी यावयाचे आहे.

या यंत्रांना खरे रूप दिले ते जपानातील इकुतारो काकेहाशी या गृहस्थांनी. त्यांचे चरित्र आपल्यासारख्या कारागिरांनी वाचण्याजोगे आहे. १९३० साली ओसाका येथे त्यांचा जन्म झाला. महायुद्ध संपल्यानंतर, अगदी कोवळ्या वयात, त्यांनी घड्याळे दुरुस्त करण्याचे दुकान थाटले. पुढे ते रेडिओच्या दुरुस्तीकडे वळले. ऐन विशीत क्षयाने त्यांना गाठले आणि काही वर्षे त्यांनी रुग्णालयात काढली. त्यातून उठून त्यांनी विजेच्या वस्तूंचे दुकान काढले, १९६० साली ‘एस’ या नावाने वाद्यनिर्मितीचा कारखाना काढला, १९६७ साली ‘ऱ्हिदम एस’ हे ठरावीक तालांचे यंत्र बाजारात आणले आणि १९७२ साली ‘रोलंड’ ही संस्था स्थापन केली. आपल्याकडील ऑर्केस्ट्रांत आणि लग्नांच्या मिरवणुकीत जो ‘ऑक्टोपॅड’ वाजतो, तो याच संस्थेने १९८५ साली प्रथम काढला. घड्याळाच्या बारीक चाकांवर ज्याचा हात बसला, त्याच माणसाने पुढे जगाला ताल दिला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. २०१७ साली ते निवर्तले.

रोलंडने १९७८ साली ‘सीआर-७८’ हे यंत्र काढले. त्यात वाजविणाऱ्यास स्वतः बांधलेला ताल साठवून ठेवता येऊ लागला. १९८० साली आले ‘टीआर-८०८’. त्याच्या दर्शनी भागावर खालच्या अंगाला रंगीत अशा सोळा कळांची रांग आहे. मला तर पहिल्या दर्शनी त्रितालाच्या सोळा मात्राच समोर मांडल्यासारख्या वाटल्या. जेथे आघात हवा तेथील कळ दाबावी, नको तेथे मोकळी सोडावी. १९८१ साली त्याचे धाकटे भावंड ‘टीआर-६०६’ आले, आणि १९८३ साली ‘टीआर-९०९’. या तीन यंत्रांवरच माझ्या आयुष्याचा बराचसा काळ गेला.

आता या यंत्रांच्या पोटात काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण ते समजल्याखेरीज पुढची हकीकत ध्यानात येणार नाही. आजच्या बहुतेक यंत्रांत खऱ्या वाद्याचा मुद्रित केलेला ध्वनी असतो. ८०८ मध्ये मुद्रित काहीही नाही. तेथे प्रत्येक ध्वनी त्या त्या क्षणी विजेतून घडवावा लागतो. मोठ्या ढोलाचे उदाहरण घ्या. रेझिस्टर आणि कंडेन्सर यांची अशी एक जुळणी केलेली असते की, तिला विजेचा एक बारीक टोला दिला म्हणजे ती घंटेप्रमाणे स्वतःच्याच स्वरात गुंजते आणि हळूहळू विझते. हे गुंजन सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांचे, म्हणजे अत्यंत खर्जातले असते. झांजेसाठी सहा निरनिराळ्या स्वरांची आंदोलक मंडले एकदम चालू असतात. ते सहाही स्वर एकमेकांशी मुद्दाम बेसूर ठेवलेले असतात, आणि त्या बेसूरपणातूनच धातूचा झणत्कार उमटतो. त्यांपैकी ५४० आणि ८०० कंपनांचे दोन स्वर वेगळे काढून गाईच्या गळ्यातील घंटेचा आवाज केला आहे. आणि टाळीचा, किंवा तारा लावलेल्या लहान ढोलाचा जो ‘छस्स’ असा उच्चार, त्यासाठी हवी असते ती निव्वळ खरखर. ती खरखर एका ट्रान्झिस्टरकडून काढून घेतलेली असते. त्याला नेहमीच्या उलट दिशेने वीज दिली असता तो जो गोंगाट करतो, तोच वाढवून कामाला लावतात.

हा शेवटचा मुद्दा कृपा करून स्मरणात ठेवावा.

ही यंत्रे निघाली तेव्हा त्यांचा फारसा गौरव झाला नाही. त्याच १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी खऱ्या ढोलांचे मुद्रित ध्वनी असलेले यंत्र आणले. त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती, तर ८०८ ची सुमारे बाराशे. परंतु खरा ढोल कोणता आणि नकली कोणता हे कानाला कळत होते, आणि ८०८ चा आवाज खऱ्यासारखा नाही, असे जाणकारांनी ठरवून टाकले. सुमारे बारा हजार यंत्रे बनवून १९८३ साली तिचे उत्पादन थांबले. पुढे ती जुन्या बाजारात कवडीमोलाने जाऊ लागली. तेव्हा न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट येथील गरीब वस्त्यांतल्या पोरांनी ती उचलली, कारण त्यांना नवे यंत्र परवडत नव्हते. त्यांना खऱ्या ढोलाची नक्कल नकोच होती. जो आवाज होता तोच त्यांनी आपलासा केला, आणि त्यातून अमेरिकेच्या संगीताचे एक सबंध नवे घराणे उभे राहिले. आज तीच यंत्रे पारखी लोक लाखांच्या भावाने शोधीत फिरतात.

या इतिहासात आपल्या मुंबईचाही एक मानाचा दुवा आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजविणारे एक अनुभवी वादक. त्यांनी सिंगापूरहून ८०८ आणि तिच्या जोडीची रोलंडची वाद्ये आणली आणि १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. राग आपले, ठेका यंत्राचा. त्या वेळी तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा ऐकणारे चकित झाले. कारण शिकागोत १९८७ च्या सुमारास ज्या जातीचे संगीत नवे म्हणून गाजले, त्याच्याशी विलक्षण मिळतेजुळते काम मुंबईत पाच वर्षे आधी झाले होते. २०१५ साली चरणजित सिंग यांचे निधन झाले. उशिरा का होईना, त्यांच्या वाट्याला थोडा मान आला. त्यांनी यंत्रातील एक तारही हलविली नव्हती. यंत्र जसे होते तसे पुरते ओळखून त्याच्याकडून नवे काम करून घेतले. यंत्रात बदल करण्यापूर्वी यंत्र ओळखणे ही पहिली पायरी होय, हे मी त्यांच्यापासून शिकलो. दुर्दैव एवढेच की, उशिरा शिकलो.

आता माझी हकीकत. साल १९९१. मी नुकताच या धंद्यात पडलो होतो. गिरगावात वडिलांच्या पेढीच्या मागील खोलीत मी एक टेबल मांडले होते. पुढे वडील बागेसरीपाशी फुंकणी घेऊन बसत, मागे मी विजेची डाखणी घेऊन. धूर दोघांकडेही निघे! एके दिवशी धोबीतलावचे एक वयस्क गोवेकर वादक माझ्याकडे आले. तरुणपणी त्यांनी बँडमध्ये ड्रम वाजविले होते. खांदा दुखावल्यापासून ते लग्नसमारंभांतून एका लहान वाद्यवृंदाबरोबर ६०६ हे यंत्र चालवीत. ते यंत्र हेच त्यांचे पोट होते.

त्यांच्या मागण्या दोन होत्या. ६०६ मधून सातही आवाज एकत्र मिसळून एकाच वाटेने बाहेर येतात. त्यांना मोठा ढोल आणि लहान ढोल वेगळ्या वाटेने हवे होते, म्हणजे कर्ण्यावर ते हवे तसे वरखाली करता येतील. दुसरे असे की, मोठ्या ढोलाचा नाद त्या यंत्रात फार लवकर विझतो, तो थोडा लांबविता आला तर पाहावे. दोन्ही मागण्या वाजवी होत्या आणि दोन्ही कामे अवघड नव्हती. नाद किती वेळ टिकावा हे एका ठरावीक रेझिस्टरवर अवलंबून असते. त्याच्या जागी फिरती कळ बसविली की नाद लांब-आखूड करता येतो. मी उत्साहाने कामाला लागलो. पेटीच्या मागे भोके पाडून दोन नव्या खाचा बसविल्या. दर्शनी भागावर एक कळ बसविली. काम सुबक झाले.

तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे भाषण झाले नसते. परंतु यंत्र स्वस्थ असतानाही त्यातून बारीक खरखर ऐकू येते, असे माझ्या ध्यानात आले. शोध घेत मी एका ट्रान्झिस्टरपाशी पोहोचलो. पाहतो तो त्याच्या तीन पायांपैकी दोनच पाय जोडलेले! मला वाटले, कारखान्यात चूक झाली आणि हा बिघडलेला आहे. न विचारता, न मागता, मी तो काढला. लॅमिंग्टन रोडवरून त्याच क्रमांकाचा नवा आणून लावला, आणि जुना केराच्या टोपलीत टाकून दिला. खरखर बरीच कमी झाली. मला धन्यता वाटली.

गोवेकर मास्तर यंत्र घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत आले. अत्यंत सभ्य मनुष्य. म्हणाले, “बाबा, ढोल छान झाला. पण दुसऱ्या ढोलाचा आवाज कोरडा झाला हो. पत्र्यावर काठी मारल्यासारखा वाटतो.” मी म्हणालो, “मास्तर, कर्ण्याचा दोष असेल.” ते गेले. पुन्हा आले. मी पुन्हा काही निमित्त सांगितले. तिसऱ्या खेपेस ते काही बोललेच नाहीत. यंत्र टेबलावर ठेवून नुसते बसून राहिले. लग्नाचे दिवस होते, आणि त्यांच्या हातून दोन सुपाऱ्या गेल्या होत्या.

त्या रात्री मी यंत्राचा नकाशा पुढे घेऊन बसलो आणि मला घाम फुटला. तो ट्रान्झिस्टर बिघडलेला नव्हता. खरखर करणे हेच त्याचे काम होते. दोनच पाय जोडलेले होते ते चुकून नव्हे, मुद्दाम होते. त्याच क्रमांकाचे ट्रान्झिस्टर सारखेच गोंगाट करतात असे नाही. काही फार करतात, काही जवळजवळ करीतच नाहीत. म्हणून कारखान्यात ते निवडून घेत. मी निवडलेला काढला आणि न निवडलेला लावला; आणि निवडलेला होता तो केरात गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. हातातली फुंकणी खाली ठेवून त्यांनी एवढेच विचारले, “आपल्या दुकानाचा केर आपण काय करतो?” आपण सर्व जाणता, सोनाराच्या दुकानाचा केर रस्त्यावर जात नाही. झाडलेली धूळ, बागेसरीची राख, हात धुतलेले पाणीसुद्धा राखून ठेवतात आणि ते झारेकऱ्याला देतात. तो धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतो. वडील पुढे म्हणाले, “गिऱ्हाइकाचा डाग दुकानात आहे तोवर ती ठेव असते. त्यातला गुंजभर तुकडाही आपला नव्हे. तू दुसऱ्याची ठेव केरात टाकलीस, आणि वर त्याला खोटे सांगितलेस.”

मी मास्तरांच्या घरी गेलो आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. मग बाजारातून चाळीस ट्रान्झिस्टर आणले, डाख न लावता ते बसविता यावेत म्हणून एक लहान बैठक जोडली आणि मास्तरांना समोर बसवून एकेक लावून ऐकविला. ते डोळे मिटून ऐकत आणि मान हलवीत. एकतिसाव्याला त्यांनी हात वर केला. म्हणाले, “हा चालेल. तो नव्हे, पण चालेल.” मी मजुरी घेतली नाही, परंतु गेलेल्या सुपाऱ्या काही मला भरून देता आल्या नाहीत. ‘तो नव्हे, पण चालेल’ हे शब्द आजही माझ्या टेबलापाशी माझ्या कानांत असतात.

पुढे पुष्कळ वर्षांनी मला आणखी एक गोष्ट कळली. काकेहाशी यांनी उतारवयात स्वतः सांगितले की, ८०८ साठी त्यांनी इतरांनी सदोष म्हणून नाकारलेले ट्रान्झिस्टर जाणूनबुजून विकत घेतले होते, कारण तिच्या आवाजातील ती विशिष्ट चरचर त्यांच्यातूनच येई. पुढे ट्रान्झिस्टर बनविण्याची कला इतकी सुधारली की, तसे सदोष नग मिळेनासे झाले आणि ते यंत्र बनविणेच थांबवावे लागले. बंधुभगिनींनो, विचार करा. वस्तूतील दोष गेला आणि त्याबरोबर वस्तूच गेली! ज्याला आपण दोष म्हणतो, तो दोष की प्राण, हे ठरविण्याची घाई करू नये.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. ते यंत्रांसाठी आहेत. परंतु ऐकताना आपणास आपल्या घरच्या जुन्या डागांची आठवण होईल, अशी माझी खात्री आहे.

पहिला नियम असा की, आधी दुरुस्ती, मग सुधारणा. यंत्राला चाळीस वर्षे झाली म्हणजे कंडेन्सर सुकतात, कळांचे स्पर्श मळतात. ८०८ मध्ये साठविलेला ताल जपण्यासाठी तीन सुटे सेल घालतात. ते वर्षानुवर्षे आत राहिले तर फुटून त्यांचा क्षार धातू खातो. जपानच्या बाजारासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टांचे असते, ते आपल्या २३० व्होल्टांना जोडले की क्षणात जळते. हे सर्व निस्तरल्यावर पुष्कळदा असे आढळते की, मालकाला हवा असलेला बदल म्हणजे यंत्राचा मूळचाच आवाज होता. तो नुसता झाकला गेला होता.

दुसरा नियम, मालकाने मागितले तेवढेच करावे. हा नियम मोडल्याचे फळ मी सांगितलेच आहे.

तिसरा नियम, परतीची वाट मोकळी ठेवावी. शक्यतो पेटीला भोक पाडू नये. जोडणी बाहेरच्या लहान डबीत न्यावी. उदाहरणार्थ, ८०८ ही १९८३ साली ‘मिडी’ ही वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वीची. तिला इतर वाद्यांबरोबर लयीत चालविण्यासाठी जी खाच आहे ती पाच टाचण्यांची आहे, आणि मिडीचीही पाच टाचण्यांचीच. पण भाषा निराळी. पुष्कळ जण एकीत दुसरी खुपसून यंत्र बंद का म्हणून विचारावयास येतात. अशा वेळी यंत्र फोडून आत नवे मंडल बसविण्यापेक्षा मध्ये दुभाषी डबी ठेवावी. यंत्र अंगाने जसेच्या तसे राहते. आत बदल करणे भागच असेल तर जुना मार्ग शाबूत ठेवून नवा त्याच्या बाजूने काढावा. ऑस्ट्रेलियातील रॉबिन व्हिटल हे अभियंते १९९३ पासून ६०६ च्या जोडीच्या ‘टीबी-३०३’ या खर्जाच्या यंत्रात फार मोठे बदल करून देत आले. त्यांच्या कामाची थोरवी अशी की, कळा विशिष्ट जागी आणल्या म्हणजे मूळचा आवाजही मिळावा, अशी त्यांनी सोय ठेवली.

चौथा नियम, काढलेला प्रत्येक तुकडा लिफाफ्यात घालून, त्यावर तो कोठून काढला ते लिहून, यंत्राबरोबर मालकाच्या हवाली करावा. सोबत काय बदलले त्याचा नकाशा व तारीख द्यावी. मी नसेन तेव्हा जो कोणी हे यंत्र उघडील, त्याने मला शिव्या देऊ नयेत, एवढी तजवीज आपण करू शकतो.

पाचवा नियम, विकताना खरे सांगावे. बदल केलेले यंत्र ‘अस्सल’ म्हणून विकणे आणि हिणकस सोने शंभर नंबरी म्हणून विकणे यांत तत्त्वतः फरक नाही. आपल्या ज्ञातीला हे अधिक सांगणे नलगे.

यावर कोणी म्हणेल, मग बदल करूच नका. जुन्या वस्तू पेटीत बंद करून ठेवा. मी या मताचा नाही. ठुशी कुलुपात राहिली तर तिचे मणी सुटत नाहीत हे खरे. पण ती मग कोणाच्या गळ्यात शोभणार? पटवेकऱ्याने ती नव्याने गाठविली, मुलीच्या मापाने दोन मणी कमी केले आणि ते दोन मणी डबीत जपले, तर आजीचा डाग नातीला झाला आणि आजीचाही राहिला. उलट तोच डाग मोडीत घातला, तर वजन तेवढेच राहते, पण आजी जाते. गोवेकर मास्तरांना लांबलेला नाद आणि वेगळी वाट मिळाली, त्याने त्यांचे काम खरोखरच सुधारले. माझी चूक यंत्र उघडण्यात नव्हती. जे मला समजत नव्हते ते निरुपयोगी आहे असे मानण्यात होती. आणि आज तर मूळ यंत्रांना हात लावण्याची निकडही कमी झाली आहे. रोलंडनेच २०१७ साली ८०८ ची लहान, अंकात्मक पद्धतीची नवी आवृत्ती काढली. ज्याला केवळ प्रयोग करावयाचा आहे, त्याने नव्यावर करावा. जुन्याला जपून हात लावावा.

आता आरंभी राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. यंत्राने वादकाच्या पोटावर पाय आला काय? आला, हे मान्य केले पाहिजे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत एके काळी पन्नास पन्नास, शंभर शंभर वादक एकत्र बसत. १९८० नंतरच्या वीस वर्षांत त्यांतील बहुतेक खुर्च्या रिकाम्या झाल्या. आपणही हे अनुभवले आहे. यंत्रावर ओतलेले दागिने आणि यंत्रावर विणलेल्या साखळ्या आल्या आणि घडणावळीवर जगणारी कितीतरी कुटुंबे दुसऱ्या कामाला लागली. माझे वडील ही पेढी चालविणारे आमच्या घरातील शेवटचे. या दुःखावर माझ्याजवळ औषध नाही. परंतु एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. ज्यांनी ढोल वाजविणाऱ्याचे काम घेतले, तीच यंत्रे चाळीस वर्षांनी म्हातारी झाली, आणि त्यांना पुन्हा हातानेच काम करणाऱ्या माणसाची गरज पडली. बारीक चिमटा, स्थिर हात, आगीचा अंदाज, डोळ्याची पारख, ही जी आपल्या घराण्यांची शिदोरी, ती अशा ठिकाणी मला उपयोगी पडली जेथे माझ्या आजोबांनी स्वप्नातही तिची कल्पना केली नसती.

म्हणून तरुण मंडळींना माझी विनंती आहे. आपण अभियंते व्हा, संगणकाचे काम करा, परदेशी जा. परंतु घरातील वडीलधाऱ्यांपाशी चार महिने बसून हात कसा चालतो ते पाहून घ्या. हत्यारे जुनी होतील, धातू बदलतील. पण केर जपून ठेवण्याची रीत आणि दुसऱ्याची वस्तू ही ठेव मानण्याची बुद्धी कोणत्याही धंद्यात जुनी होत नाही.

गोवेकर मास्तर आता या जगात नाहीत. त्यांच्या मुलाने ते यंत्र दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दुरुस्तीस आणले. उघडून पाहिले तर तो एकतिसावा ट्रान्झिस्टर आपल्या बैठकीत जागच्या जागी होता आणि आपले खरखरण्याचे काम इमानाने करीत होता. मी फक्त धूळ झाडली, सुकलेले कंडेन्सर बदलले, काढलेले लिफाफ्यात घातले आणि झाकण लावले. दुसरे काहीही केले नाही.